कौल लावल्यासारखं मतदान: अमेरिकेत राज्यांच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश ‘ठेवायचे की नाही’ हे लोक कसं ठरवतात?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणं मुंबईऐवजी तिकडे जाऊ लागली. तेव्हापासून आमच्या अभ्यासवर्गात न्यायाधीश नेमतं कोण आणि काढतं कोण, हा विषय दर बैठकीला निघतो. पुढच्या बैठकीसाठी अमेरिकेतली रिटेन्शन निवडणूक, म्हणजे न्यायाधीशाला पदावर ठेवायचं की नाही यावरचं मतदान, हा विषय घेतला आहे. शंभर-सव्वाशे माणसं असतील, निम्मी लॉ कॉलेजची मुलं, बाकीचे वकील आणि निवृत्त शिक्षक.

विरोधी उमेदवारच नाही तर त्याला निवडणूक कसं म्हणायचं, इथपासून आमची सुरुवात आहे. न्यायाधीशाला किती मतं लागतात, आणि टक्केवारी कशाच्या प्रमाणात धरतात? मतदाराला त्या माणसाचं काम कळतं कुठून? आपल्याकडे याच्या जवळपास जाणारं काही आहे का? शेवटी वर्गात लुटुपुटूचं मतदान घ्यायचं आहे, त्याची मांडणीही कुणी सुचवली तर हवी आहे. कॉलेजियम (न्यायाधीशांची नावं सुचवणारा ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट) बरं की वाईट हा वाद कृपया इथे नको, फक्त पद्धत समजून घ्यायची आहे.

कातळसडा

आधी एक गैरसमज काढून टाका, कारण वर्गात पहिला हात त्यासाठीच वर होईल. वॉशिंग्टनमधल्या नऊ न्यायाधीशांच्या सुप्रीम कोर्टाशी याचा संबंध नाही. ते राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट मंजूर करतं आणि ते तहहयात असतात. रिटेन्शन आहे ते राज्यांच्या कोर्टांत. प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय आहे आणि नेमणुकीची रीत प्रत्येकाची वेगळी. काही राज्यांत दोन उमेदवार समोरासमोर लढतात. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनला झाली ती तशी लढत होती. रिटेन्शनमध्ये लढत नसतेच.

आपल्याकडे देवळात कौल लावतात ते डोळ्यांसमोर आणा. एकच प्रश्न, उत्तर उजवं किंवा डावं. मतपत्रिकेवर एवढंच छापलेलं असतं: ‘न्यायाधीश अमुक यांना पदावर कायम ठेवावे काय?’ त्याखाली ‘होय’ आणि ‘नाही’, प्रत्येकापुढे एक लंबगोल, त्यातला एक पेनाने भरायचा. नावापुढे पक्ष नाही, चिन्ह नाही.

मूळ नमुना मिसूरीचा. कॅलिफोर्नियाने १९३४ मध्येच वरच्या कोर्टांसाठी होय-नाहीचं मतदान आणलं होतं, पण निवड समिती, गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख) आणि लोकांचा कौल हे तिन्ही एकत्र बांधले मिसूरीने, १९४० मध्ये घटनादुरुस्ती करून. कॅन्सस सिटीत पेंडरगास्टच्या राजकीय टोळीचा कोर्टांवर जो पगडा होता, त्याला कंटाळून लोकांनी ती मंजूर केली. आजही तिला ‘मिसूरी प्लॅन’ म्हणतात.

तिथली वाट पायरीपायरीने सांगतो. जागा रिकामी झाली की सात जणांची समिती बसते: सुप्रीम कोर्टाचा एक न्यायाधीश, वकिलांनी आपल्यातून निवडलेले तीन वकील, आणि गव्हर्नरने नेमलेले तीन बिगरवकील नागरिक. अर्जदारांतून समिती तीन नावं काढते. गव्हर्नरने ६० दिवसांत त्यातलं एक उचलायचं. नाही उचललं तर समितीच नेमणूक करते. (ही मुदतीची अट फार महत्त्वाची आहे. फाईल दाबून ठेवायची सोयच त्यांनी ठेवली नाही.) नेमलेल्या माणसाने किमान १२ महिने काम केलं की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याचं नाव कौलाला लागतं. होय निघालं तर १२ वर्षांची पूर्ण मुदत. ती संपत आली की पुन्हा कौल. वयाच्या ७०व्या वर्षी निवृत्ती, मग मुदत उरलेली असो वा नसो.

यात एक बारीक अट आहे. नाव मतपत्रिकेवर आपोआप येत नाही. मुदत संपण्याआधीच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या किमान ६० दिवस आधी न्यायाधीशाने ‘मला कौलाला उभं राहायचं आहे’ असं लेखी निवेदन द्यावं लागतं. कॉलोराडोत हीच खिडकी निवडणुकीआधी सहा महिने ते तीन महिने अशी आहे. निवेदन दिलं नाही की मुदत संपताच जागा रिकामी. कौल उलटा पडेल अशी धास्ती असलेला न्यायाधीश निवेदनच न देता शांतपणे बाजूला होऊ शकतो, आणि तो ‘हरलेल्यां’च्या यादीत दिसत नाही. म्हणून नुसत्या हरण्याच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका.

मुदती राज्यागणिक बदलतात. आयोवात ८ वर्षं, ॲरिझोनात ६. कॉलोराडोत आधी दोन वर्षांची तात्पुरती मुदत, मग १० वर्षं. अलास्कात नेमणुकीनंतर तीन वर्षं उलटली की पहिला कौल, पुढे दर १० वर्षांनी.

मालवणी_माणूस

बरां समजावलास. पण न्यायाधीश पडलो तर त्या जागेर कोण येता? दुसऱ्या नंबराचो उमेदवार नाय ना?

कातळसडा

नाही, दुसरा नंबर नसतोच. जागा रिकामी होते आणि भरण्याची वाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आयोवात २०१० मध्ये तिघे पडले, तेव्हा समितीच्या यादीतून नव्या गव्हर्नरने तिघे नेमले. कॅलिफोर्नियात १९८६ ला तिघे पडले, तिथे गव्हर्नर डुकमेजियन यांना एका झटक्यात तीन जागा मिळाल्या. म्हणजे मतदार ‘नाही’ म्हणतो ते एका माणसाला, पण त्याच वेळी न बोलता गव्हर्नरला ‘तुम्ही निवडा’ असंही म्हणत असतो. इलिनॉयमध्ये आणखी निराळं: तिथे रिकामी जागा पुढच्या निवडणुकीपर्यंत सुप्रीम कोर्ट स्वतःच भरतं.

हे वर्गात ठळकपणे सांगा. ‘याला काढा’ म्हणणाऱ्या मतदाराने ‘मग आणणार कोण?’ हा प्रश्न विचारलेला नसतो, आणि मतपत्रिकाही तो विचारत नाही.

ॲड. खाडीपट्टा

पद्धत वरती नीट आली आहे. ती कुठे फसते ते सांगतो.

नेहमी घडतं ते असं: मतदार वर गव्हर्नर, सिनेटर वगैरे उत्साहाने भरतो, आणि न्यायाधीशांच्या प्रश्नांपर्यंत पोचेतो कंटाळतो. मतपत्रिका लांबलचक असते, शेवटचे रकाने कोरे राहतात. जे भरतात त्यांना पक्षाची खूण नाही, विरोधक नाही, नाव ऐकलेलं नाही. बहुतेक जण ‘होय’ भरून मोकळे होतात. त्यामुळे जवळजवळ सगळेच न्यायाधीश राहतात. हे वर्षानुवर्षं चालतं, आणि मग एखाद्या वर्षी एखाद्या निकालावरून वादळ उठतं.

आयोवाचं प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं आहे. एप्रिल २००९ मध्ये ‘वार्नम विरुद्ध ब्रायन’ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहावरची बंदी राज्यघटनेविरुद्ध ठरवली. सातही न्यायाधीश एकमताचे. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांतल्या फक्त तिघांचा कौल होता: मुख्य न्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. विरोधी गटांनी राज्याबाहेरूनही पैसा ओतला. या तिघांनी प्रचार समिती काढली नाही, निधी गोळा केला नाही; न्यायाधीशाने मतं मागत हिंडणं त्यांना मान्य नव्हतं. तिघेही पडले. बाकीच्या चौघांची सही त्याच निकालावर होती, पण त्यांची पाळी त्या वर्षी नव्हती, ते वाचले. २०१२ मध्ये त्या चौघांपैकी डेव्हिड विगिन्स कौलाला उभे राहिले, तोवर हवा निवळली होती, ते राहिले. आणि निकालाचं काय झालं? तो तसाच कायम राहिला. न्यायाधीश पाडल्याने निकाल पडत नाही. मतदाराला वाटतं आपण निकालावर मत देतोय, प्रत्यक्षात तो एका खुर्चीवर मत देत असतो. हा घोटाळा या पद्धतीच्या पोटातच आहे.

टेनेसीत पेनी व्हाइट यांचं १९९६ मध्ये झालं ते मला सगळ्यांत जास्त खटकतं. फाशीच्या एका प्रकरणात कोर्टाने दोष कायम ठेवला, शिक्षेची सुनावणी मात्र पुन्हा घ्या म्हटलं. निकाल जूनमध्ये लागला आणि कौल ऑगस्टमध्ये होता. निकालपत्र त्यांनी लिहिलेलंही नव्हतं. पण त्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टातून कौलाला एकट्या त्याच होत्या. दोन महिन्यांत सगळा राग त्यांच्या नावावर जमा झाला आणि त्या गेल्या. न्यायाधीशाला अशा वेळी उत्तर देता येत नाही, कारण चालू प्रकरणावर बोलायला आचारसंहितेने बंदी आहे. समोरचा मात्र टीव्हीवर जाहिरात लावू शकतो.

कॅलिफोर्नियाच्या रोझ बर्ड यांचं वेगळं. त्यांच्यासमोर फाशीची साठहून जास्त प्रकरणं आली आणि एकाही प्रकरणात त्यांनी फाशी कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिलं नाही. लोकांनी दशकभराचं काम पाहून मत दिलं, असं तिथे निदान म्हणता येतं. मात्र त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हेही गेले.

सगळीकडे पाडलंच जातं असंही नाही. पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर २०२५ मध्ये तिघांचा कौल एकाच दिवशी होता, विरोधात मोठी मोहीम झाली, तरी तिघेही राहिले. त्याच्या आदल्या वर्षी ओक्लाहोमात १९८४ पासून कोर्टात असलेल्या इव्हॉन कॉगर थोडक्यात पडल्या. त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात असं पहिल्यांदाच घडलं.

वाशिष्ठीकाठ

खूप उपयोग झाला. टक्केवारीचं राहिलं. आणि मतदाराने माहिती मिळवायची कुठून?

कातळसडा

माहितीचं आधी. काही राज्यांत कामाचं मूल्यमापन सरकारी यंत्रणाच करते. अलास्काची ज्युडिशियल कौन्सिल वकील, पोलीस, कोर्टाचे कर्मचारी आणि ज्यूरीत बसलेले नागरिक, सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेते आणि निष्कर्ष मतदारांना छापून देते. कॉलोराडोत मूल्यमापन आयोग आहे. प्रत्येक न्यायाधीश निकषांवर उतरतो की नाही हे ‘ब्लू बुक’ नावाच्या पुस्तिकेत छापून घरोघरी टपालाने येतं. ॲरिझोना आणि युटामध्येही अशी सोय आहे. जिथे अशी यंत्रणा नाही तिथे वकील संघटनांच्या चाचण्या असतात, त्यांच्यावर मतदाराचा विश्वास बेताचाच.

टक्केवारीत बहुतेक राज्यांत साधं बहुमत, म्हणजे निम्म्याहून एक मत जास्त. न्यू मेक्सिकोत ५७ टक्के लागतात, इलिनॉयमध्ये ६०. इलिनॉयचे थॉमस किलब्राइड २०२० मध्ये निम्म्याहून जास्त ‘होय’ मिळवूनही गेले, कारण साठचा आकडा गाठता आला नाही. हीच मतं आयोवात मिळाली असती तर ते आरामात राहिले असते. आणखी एक: इलिनॉयमध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासाठी सगळं राज्य मत देत नाही, फक्त त्याच्या न्यायिक जिल्ह्यातले मतदार देतात.

प्रमाण धरतात ते त्या प्रश्नावर पडलेल्या मतांचं. कोरी ठेवलेली मतं मोजणीतच येत नाहीत.

आडिवऱ्याची_वाट

आपल्याकडचं जवळचं उदाहरण विचारलंत. माझ्या मते सगळ्यांत जवळचं आहे दारूबंदीचं ‘आडवी बाटली, उभी बाटली’ मतदान. मुलांना हे लगेच पटेल, कारण गावोगावी झालेलं आहे. तिथेही दोन उमेदवार नाहीत. एक दुकान आहे, ते ठेवायचं की बंद करायचं. चिन्हंसुद्धा होय-नाहीचीच.

फरक नीट दाखवा. दुकानाचं मतदान मागणीवरून लागतं: २५ टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी करायची, राज्य उत्पादन शुल्क विभागाने सह्या पडताळायच्या, मग तारीख. रिटेन्शनला मागणी लागत नाही, मुदत भरली की ते येतंच. आणि मोठा फरक मोजणीत आहे. आडवी बाटली जिंकायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. यादीत ८०० बायका असतील तर ४०१ आडव्या बाटल्या हव्यात. त्या दिवशी ५०० जणी आल्या आणि ३९० जणींनी आडवी बाटली केली, तरी दुकान सुरू. कोकणातल्या गावांत तर यादीत नाव असलेली कितीतरी माणसं मुंबईला असतात. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते.

सरपंचाचं उदाहरणही कुणीतरी काढेल. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव येत नाही. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने ठराव केला तरी त्यावर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन बहुमत लागतं. हे रिटेन्शनपेक्षा ‘परत बोलावण्या’च्या, म्हणजे रिकॉलच्या जवळ आहे, कारण कुणीतरी तक्रार घेऊन उठल्याशिवाय ते सुरूच होत नाही. अमेरिकेत रिकॉल वेगळं आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्याचे न्यायाधीश ॲरन पर्स्की यांना लोकांनी काढलं ते रिकॉलने.

‘नोटा’ची तुलना मात्र टाळा. विधानसभा-लोकसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला जास्त तो निवडून येतो. रिटेन्शनमधल्या ‘नाही’ने खुर्ची खरोखर रिकामी होते.

ॲड. खाडीपट्टा

बाटलीची तुलना पटली. न्यायालयाच्या बाजूने आणखी एक जोडतो. आपल्या उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२४ खाली अतिरिक्त न्यायाधीश जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमता येतात आणि नंतर बहुतेकांना कायम केलं जातं. कॉलोराडोच्या दोन वर्षांच्या तात्पुरत्या मुदतीशी हे जुळतं. फक्त तिथे कायम करतात मतदार, इथे शिफारस करतं कॉलेजियम. कायम झाल्यावर आपल्याकडे पुन्हा कसोटी नाही. उच्च न्यायालयात ६२ वर्षांपर्यंत, सर्वोच्च न्यायालयात ६५ पर्यंत, आणि मध्येच काढायचं तर संसदेत दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत अधिक हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरचा प्रस्ताव लोकसभेत आला तेव्हा बाजूने १९६, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ. प्रस्ताव पडला. तटस्थ राहिलेल्यांनीच तो पाडला.

पाजपंढरी

वरचे तीन मुद्दे एका ओळीत ठेवले तर खरा प्रश्न हातात येतो: जो काहीच बोलला नाही, त्याचं मत कुणाच्या पदरात? अमेरिकेत कोरं मत कुणाच्याच पदरात नाही. आडव्या बाटलीत ते दुकानदाराच्या पदरात. रामस्वामींच्या वेळी ते न्यायाधीशाच्या पदरात पडलं.

जपानचं उदाहरण याला जोडा. तिथल्या घटनेच्या कलम ७९ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा नेमणुकीनंतरच्या पहिल्या लोकप्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीबरोबर लोक आढावा घेतात, आणि १० वर्षं उलटली की पुन्हा. मतपत्रिकेवर नावं आणि वर रिकामे चौकोन. ज्याला काढायचं त्याच्या नावावरच्या चौकोनात फुली मारायची. काही न लिहिता पेटीत टाकलं की ते ‘ठेवा’ असं धरतात. १९४९ पासून हे चालू आहे, आजवर एकही न्यायाधीश गेलेला नाही. परदेशात राहणाऱ्या जपानी नागरिकांना या आढाव्यात मत देता येत नव्हतं. ते घटनाविरोधी आहे असं खुद्द त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं.

वाशिष्ठीकाठ

हाच धागा धरून वर्ग घेतो. आता लुटुपुटूच्या मतदानाची मांडणी कशी करू?

कातळसडा

माणसं १२० धरतो. मतपत्रिका मुद्दाम लांब करा. वर बारा-पंधरा भलतेच प्रश्न घाला: कुठला रस्ता आधी करावा, वाचनालयाची वेळ काय असावी, असे. न्यायाधीशांचा प्रश्न अगदी खाली, पानाच्या मागच्या बाजूला. काल्पनिक नाव द्या, खऱ्या न्यायाधीशाचं नाव चुकूनही नको. वेळ फक्त चार मिनिटं. कोरे रकाने किती राहतात ते तुम्हाला तिथेच दिसेल.

निम्म्या लोकांना आधी एका पानाचं मूल्यमापन वाटा: निकाल किती दिवसांत देतो, वकील किती गुण देतात, वरच्या कोर्टात किती निकाल फिरले. उरलेल्या निम्म्यांना फक्त एका गाजलेल्या निकालाची भडक हँडबिलं द्या. दोन्ही गटांना वेगळ्या रंगाच्या मतपत्रिका द्या म्हणजे मोजताना फरक कळेल.

मोजणी फळ्यावर तीनदा करा. समजा ३४ जणांनी तो प्रश्न कोरा ठेवला. उरले ८६. त्यात ५० होय, ३६ नाही. ८६ पैकी ५० म्हणजे ५८.१ टक्के: आयोवात राहिला, न्यू मेक्सिकोत राहिला, इलिनॉयमध्ये गेला. मग आडव्या बाटलीसारखं एकूण संख्येवर मोजा, फक्त निम्म्याहून जास्तची अट इथे ‘होय’ला लावा. १२० पैकी ५० म्हणजे ४१.७ टक्के, निम्मेही नाहीत, गेला. शेवटी जपानचा: १२० पैकी फक्त ३६ फुल्या, राहिला. पेटी एक, मतं तीच, निकाल तीन तऱ्हेचे.

तिन्ही हिशोब पुसू नका. त्यांच्या शेजारी ‘पुढचा कोण नेमणार?’ एवढं लिहा आणि मुलांना हात वर करायला सांगा, की मत देताना कितीजणांच्या हे मनात आलं होतं.

मालवणी_माणूस

मतपत्रिका छापतास तर पाठीमागची बाजू नीट उठता काय बघून घेवा. झेरॉक्सवाले एकच बाजू काढून देतत, मगे तो प्रश्नच कोणाक दिसाचो नाय.

वाशिष्ठीकाठ

लक्षात ठेवतो. खाली ‘मागे पाहा’ असंही छापून घेतो, पण लहान अक्षरांत. कोरे रकाने राहायला हवेत. मोजणीचे आकडे रविवारी रात्री इथेच टाकतो.